नसलेली बाई आणि नसलेलं झाड

पुण्यातल्या एका रविवारी मी एका माणसाचा सूड घेतला आणि तो घेतल्याचं मला अजूनही बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून पश्चात्तापाची वाट बघत बसायला नको.

मी मूळची विदर्भातल्या एका लहान गावातली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचे. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला. त्या कागदावर मला पुण्यात नोकरी मिळाली. कोथरूडमध्ये दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला रविवार मिळाला. आमच्याकडे रविवार म्हणजे धुण्याचा ढीग. इथली माणसं रविवारी सकाळी आंघोळ करून, पाण्याची बाटली घेऊन, काहीतरी शिकायला निघायची. त्या शिकण्याचा पगाराशी काही संबंध नसायचा. मला ते फार आवडलं.

मी आधी मातीकामाच्या कार्यशाळेला गेले. एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये सहा चाकं मांडली होती. दिवसभर खपून मी एक वाडगा केला. तो एका बाजूला कलला होता. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "असू दे, त्यातच त्याची गंमत आहे." रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काऊन वं, माती तुडवाले पुण्याले गेली का तू?" नंतर ठसेछपाई केली, कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले. लोक एकमेकांच्या वेड्यावाकड्या वस्तूंचं कौतुक करायचे, मग सगळे मिळून मिसळ खायला जायचे. एवढी मोकळीक मला कुणीतरी चुकून दिली आहे आणि कधीही परत मागेल, असं वाटायचं.

मग चित्रांचा गट सापडला. दर रविवारी शहरातली एक जागा ठरायची. कधी नदीकाठ, कधी मंडई, कधी एखादी टेकडी. सगळ्यांनी तिथे जमायचं, दोन तास समोर दिसेल ते वहीत काढायचं, खाली जागा आणि तारीख लिहायची. दोन तासांनी "मांडणी" व्हायची. म्हणजे सगळ्यांनी आपापली वही उघडी करून जमिनीवर ओळीने ठेवायची आणि भोवती फिरून एकमेकांची चित्रं बघायची. नियम एकच होता, चित्र जागेवर बसूनच पूर्ण करायचं. फोटोवरून नाही, घरी जाऊन नाही.

गट चालवणारे गृहस्थ साठीचे, निवृत्त वास्तुरचनाकार. सगळे त्यांना काका म्हणायचे. हात उत्तम. शाईच्या चार रेघांत ते कौलारू छप्पर उभं करायचे. घडीचं स्टूल, गळ्यात चष्मा आणि बोलणं असं, की समोरच्याला आपल्याला काही लागलंय हे घरी गेल्यावर कळावं.

मी चित्रकला शिकले ती शाळेत. आमच्या शाळेला चित्रकलेचे एक सर होते. तेच पी.टी. घ्यायचे आणि तेच परीक्षेच्या वेळी बाकांवर नंबर टाकायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना आम्हा मुलांना त्यांनीच बसवलं. रंगांच्या बाटल्या त्यांनीच आणल्या आणि तालुक्याच्या केंद्रावर जीपमध्ये कोंबून त्यांनीच नेलं. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असतो. "बाजार", "बसथांबा" असा विषय देतात. समोर काही नसतं, डोक्यातलं काढायचं, आणि चित्रात माणसं असावी लागतात. सरांनी आमच्याकडून तीन माणसं घोटून घेतली होती. फेटा बांधलेला म्हातारा, सायकलवरचा मुलगा आणि डोक्यावर हंडा घेतलेली पाठमोरी बाई. सर म्हणायचे, "माणूस नसला की चित्र तलाठ्याच्या नकाशासारखं दिसते. मोकळी जागा दिसली की बाई उभी कर." पाठमोरी यासाठी, की चेहरा काढावा लागत नाही. ती बाई मी झोपेतही काढू शकते. इंटरमिजिएटला मला अ श्रेणी मिळाली, तिचे वाढीव गुण दहावीला मिळाले आणि त्या गुणांवर जिल्ह्याच्या कॉलेजात प्रवेश. म्हणजे माझ्या पदवीच्या कागदाला खाली कुठेतरी त्या बाईचा टेकू आहे.

गटातला माझा पहिला रविवार कसबा पेठेतला होता. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. अरुंद गल्ली, दोन्हीकडे दुकानं, बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणणाऱ्या एक बाई, मधोमध एक मोठं झाड आणि पलीकडे देवळाचा कळस. मी गल्ली काढली, कळस काढला. झाड फार अवघड वाटलं, म्हणून ते सोडून दिलं. तिथे मोठी मोकळी जागा राहिली. मोकळी जागा दिसल्यावर हाताने जे करायचं ते केलं. हंडा घेतलेली बाई उभी राहिली, छान पाठमोरी.

मांडणीच्या वेळी काकांनी माझी वही उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"या बाई कुठे आहेत?" त्यांनी गल्लीकडे वळून, कपाळावर हात आडवा धरून पाहिलं. "मला दाखवा. मी जाऊन नमस्कार करतो. कसब्यात आज पाण्याचा हंडा डोक्यावरून नेणारी बाई म्हणजे दर्शनच घ्यायला हवं."

सगळे हसले. मीही हसले, कारण काय करायचं ते कळेना.

"आणि एवढं मोठं झाड कुठे गेलं? बाईंनी तोडून नेलं का सरपणाला?"

पुन्हा हसू.

"कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

"शाळेत. आमच्या सरांनी."

"तरीच." त्यांनी वही खाली ठेवली. "वाट लावतात अहो ही माणसं हातांची. त्यापेक्षा यांनी पी.टी. घ्यावी."

आमचे सर पी.टी. घेत होतेच. ते काकांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण ते वाक्य इतकं नेमकं बसलं, की पायांत पी.टी.चे पांढरे बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून सर तिथे गल्लीत उभे आहेत आणि हे सगळे त्यांच्याकडे बघून हसताहेत, असं मला दिसलं. नुसतं माझ्यावर हसले असते तर मी विसरले असते. मी त्या दिवशी ठरवलं, की हे वाक्य या माणसाला याच लोकांसमोर गिळायला लावायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

पुढचे काही महिने मी "हंडेवाली" झाले. मी आले की कुणीतरी विचारायचं, "एकट्याच? बाई नाही आल्या?" वाईट हेतूने नाही, पुण्यात लाडही असेच करतात. मी हसायचे. एकही रविवार चुकवला नाही. पर्वतीच्या पायऱ्या काढल्या, नदीतली जलपर्णी काढली, मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुड्या काढल्या. बस वेळेवर येत नाही म्हणून थांब्यावरची माणसं काढली. लोकांना वाटत होतं, मुलगी फार मनापासून शिकते आहे. मनापासून शिकत होतेच, पण मनात काय होतं ते मलाच ठाऊक. प्रत्येक रेघ ओढताना मी काकांच्या तोंडची एक टवाळी कमी करत होते.

आणि मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. ते चहा कधी घेतात, कुणाचं चित्र बघून भुवई उचलतात, कुणाला "छान" म्हणतात आणि कुणाला नुसतं "हं". सूड घ्यायचा असला की माणसाला दुसऱ्या माणसाबद्दल फार माहिती होते. हे सगळं चालू असताना मला ते रविवार आवडतही होते, हे खोटं वाटेल. सकाळच्या बसमध्ये खिडकीची जागा, मांडीवर वही, उतरल्यावर गरम पोहे, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने न विचारता पुढे केलेला खोडरबर. द्वेषाने भूक कमी होत नाही, उलट मला तेव्हा दोन प्लेट पोहे लागायचे.

गटात माझी एकच मैत्रीण झाली, बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी. त्या कोथरूडमध्ये आमच्या पुढच्याच सोसायटीत राहायच्या, त्यामुळे येता-जाता बसमध्ये आमची जोडी. त्यांना मी परीक्षांचं, तीन घोटलेल्या माणसांचं, सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "अगं, मग तू त्यांना सांगत का नाहीस?"

"सांगून काय होणार? ते 'हं' म्हणतील."

"हो, ते म्हणतील खरं."

त्या गल्लीत मात्र मी परत पाऊल ठेवलं नव्हतं. मे महिन्यात धीर केला. सुट्टीच्या एका सकाळी एकटीच गेले. ती गल्ली पुन्हा काढायची, आणि या वेळी झाडासकट, असं ठरवून गेले. जाऊन बघते तर झाड नाही. जमिनीत उरलेला कमरेएवढा ओंडका, भोवती भुसा आणि गल्लीत एकदम नको इतका उजेड.

टोपल्या विणणाऱ्या बाई तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "वळवात फांदी पडली रिक्षावर. रिक्षावाला वाचला नशिबानं. मग तोडलं सगळंच." बोलताना त्यांचे हात थांबले नाहीत.

मला झाडाचं वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. माझं झाड होतं ते, मी ते काढून दाखवणार होते. मग तिथेच बसून मी ओंडका काढला. त्याच्यावरची करवतीची वर्तुळं, भुसा, कडेला ठेवलेली कुणाची तरी चप्पल. बाई घातली नाही. खाली जागा आणि तारीख लिहिली.

जूनच्या मधल्या एका रविवारी गट पुन्हा कसब्यात आला. भुरभुर होती, म्हणून जो तो आडोसा शोधून बसला. काकांचा गुडघा दुखत होता. ते गल्लीच्या बाहेर, कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसले. मी चहा घ्यायला आत गेले आणि बघितलं. टेबलावर पाण्याच्या ग्लासला टेकवून त्यांनी फोन उभा केला होता. फोनमध्ये ती गल्ली होती, झाडासकट, उन्हातली. ते दोन बोटांनी फोटो मोठा करत होते आणि वहीत रेघा ओढत होते. मला बघून त्यांनी फोन पालथा घातला. "काय, चहा?" म्हणाले. मी म्हटलं, "हो, चहा."

दोन तासांनी देवळाच्या ओवरीत मांडणी झाली. काकांचं चित्र मधोमध. गल्ली, दुकानं, कळस आणि झाड. खाली त्या दिवसाची तारीख. सगळे म्हणाले, वा. ओंडका गल्लीच्या आत होता आणि पावसामुळे त्या बाजूला कुणी फिरकलंच नव्हतं. मी त्यांच्या चित्राजवळ उभी राहिले. तोंड बंद ठेवलं. कारण त्या दिवशी निम्मेच लोक आले होते. आणि मला ते सगळे हवे होते.

पुढचे दोन आठवडे फार सुंदर गेले. ऑफिसात काम करताना मध्येच आठवायचं आणि आतून उकळी फुटायची. गटाचं वर्षाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. कोथरूडमधला एक छोटा हॉल ठरला होता आणि प्रदर्शनाच्या पत्रिकेवर ओळ टाकायची ठरली होती, "सर्व चित्रे प्रत्यक्ष जागेवर बसून काढलेली." चित्रं निवडायला सगळ्यांनी खडकवासल्याला जमायचं होतं. सकाळी जायचं, पाण्याकाठी बसायचं, निवड करायची, कणीस आणि भजी खाऊन संध्याकाळी परतायचं. बसमध्ये मावशी पावसाबद्दल बोलत होत्या आणि मी मनात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते वाक्य मी रचलेलं नव्हतं. काकांनीच दिलेलं होतं. मला फक्त शब्द बदलायचे होते.

त्या दिवशी उघडीप होती. धरणाच्या पाण्यावर वारा होता, लोक मुलांना घेऊन फिरायला आले होते. एका झाडाखाली सतरंज्या टाकून आम्ही वह्यांतून सोडवलेली चित्रं मांडली आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले. सगळे आले होते, अगदी परगावी गेलेलेही. काकांचं कसब्याचं चित्र पत्रिकेच्या पहिल्या पानावर घ्यावं, असं कुणीतरी सुचवलं. काका म्हणाले, "बघा बुवा, तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे घ्याच.

मी पुढे झाले. ते चित्र उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. 

"काका, हे झाड कुठे आहे? मला दाखवा. मी जाऊन नमस्कार करते."

काकांना क्षणभर कळलं नाही. बाकीच्यांना कळलं. हंड्याची गोष्ट सगळ्यांच्या तोंडपाठ होती. दोघं-तिघं हसले, गंमत समजून.

"कसब्यात," काका म्हणाले. "गल्लीत."

"कधी होतं?"

"म्हणजे काय? मी काढलं तेव्हा होतं."

मी माझी वही उघडून त्यांच्या चित्राशेजारी ठेवली. ओंडका, भुसा, चप्पल, खाली मे महिन्यातली तारीख. त्यांच्या चित्राखाली जूनमधली. लोक वाकले.  माझ्या मागे एक मूल कणसासाठी रडत होतं, तेवढाच आवाज.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, दोन्ही चित्रं बघितली. मग म्हणाले, "झाड माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. वर्षानुवर्षं बघतोय मी ते."

मावशी सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे हे स्मरणचित्र म्हणायचं का आपण?"

हे मी त्यांना शिकवून ठेवलं नव्हतं, शपथेवर सांगते. पण ते इतकं वेळेवर आलं, की माझी तयारी केलेली पुढची वाक्यं मी सोडून दिली.

"नाही मावशी," मी म्हटलं. "स्मरणचित्राच्या पेपरला समोर फोटो ठेवून काढलेलं चालत नाही. आमचे सर आधी आमच्या कंपासपेट्या उघडून बघायचे."

आता हसू फुटलं. आधी एक, मग सगळेच. काही जण तोंडावर हात ठेवून. काका हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. मी ते नीट बघितले. कानाच्या पाळीपासून वर चढत गेलेला तो लाल रंग मला आजही जसाच्या तसा मिसळता येईल.

ते म्हणाले, "बरं." चित्र उचललं, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं, पुठ्ठ्यांना रबर लावलं आणि पिशवीत घातलं.

"जागा मोकळी झाली मधली," मावशी म्हणाल्या आणि माझा ओंडका तिथे सरकवला. कुणी हरकत घेतली नाही. त्या दिवशी मी दोन कणसं खाल्ली, जास्त तिखट आणि जास्त लिंबू लावून.

घरी आल्यावर सरांना फोन केला. सर आता निवृत्त आहेत, गावातच असतात. मी त्यांना सगळं सांगितलं, फक्त पी.टी.चं वाक्य गाळलं. ते मनापासून हसले. "पेट्या तपासाचो, हे बी सांगितलं तू?"

"सांगितलं सर."

"बरं केलं." मग म्हणाले, "कायचं झाड होतं ते?"

"म्हणजे?"

"झाड. वड, पिंपळ, कडुलिंब. कायचं?"

मी आठवू लागले. मला ओंडका आठवला, भुसा आठवला, चप्पल आठवली. काकांचं चित्र आठवलं, पण त्यात पानांच्या जागी शाईच्या गोल गोल गुंडाळ्या होत्या. ते सगळी झाडं तशीच काढायचे.

"लक्षात नाही सर. मी त्याला नीट पाहिलं ते तोडल्यावरच."

"पह्यले गेली होती ना तू तिथं?"

"गेले होते."

"मंग?"

मग तिथे मी बाई उभी केली होती. ते मी सरांना सांगितलं नाही. सर म्हणाले, "असू दे. पण पाहून घे एकदा. कोणी इचारलं तं सांगता आलं पायजे."

विजयाची चव त्या एका प्रश्नाने थोडी उतरली, हे खरं. पुढच्या रविवारी गट दुसरीकडे जाणार होता. मी एकटीच कसब्यात गेले. गल्लीत शिरले तर ओंडक्यासमोर घडीचं स्टूल टाकून काका बसले होते. मांडीवर वही. फोन कुठेच नव्हता. ते ओंडका काढत होते.

मान वर न करता म्हणाले, "या. एकट्याच?"

"एकटीच."

"मग आज काय? आता याचीही तारीख तपासायला आलात?"

"नाही. ते झाड कशाचं होतं, ते विचारायला आले." त्यांना विचारायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण सरांना उत्तर द्यायचं होतं.

काकांचं पेन थांबलं. "कशाचं म्हणजे?"

"कशाचं झाड?"

"झाड होतं. मोठं झाड होतं." त्यांनी ओंडक्याकडे बघितलं. "पिंपरणी असेल. किंवा... तसलंच काहीतरी."

"वर्षानुवर्षं बघत होतात ना?"

 मला माहीत नव्हतं याची मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्यांनाही माहीत नाही, याचा आनंद त्या लाजेपेक्षा मोठा होता. कबूल करते.

"बदाम," मागून आवाज आला. टोपल्या विणणाऱ्या बाई बांबूची काडी सोलत आमच्याकडे बघत होत्या. "देशी बदाम होता. एवढाली पानं. लाल होऊन पडायची, रोज झाडून झाडून माझी कंबर मोडायची. तुम्ही दोघं इथं येऊन काढत काय होता मग?"

 काकांनी वहीत चित्राखाली बारीक अक्षरात "बदाम" लिहिलं. ते मी वाकून बघितलं. मीही माझ्या वहीच्या नव्या पानावर कोपऱ्यात लिहिलं.

मग मी त्यांच्यापासून चार हात लांब, पायरीवर बसले. ओंडका माझा काढून झाला होता. मी काकांना काढायला घेतलं. स्टूल, गळ्यातला चष्मा, पुढे आलेला खालचा ओठ. पोट जेवढं आहे तेवढं काढलं, जराही कमी केलं नाही. त्यांच्या मागे टोपल्यांच्या राशीत बसलेल्या बाई काढल्या. त्या खरोखर तिथे होत्या आणि पाठमोऱ्या नव्हत्या, त्यामुळे चेहरा काढावा लागला. त्याला वेळ लागला.

दोन तास झाल्यावर काकांनी वही जमिनीवर उघडी ठेवली. सवयीने मीही ठेवली. दोन वह्यांची मांडणी. ते उठून, गुडघ्यावर हात ठेवून, माझ्या वहीभोवती फिरले. बराच वेळ बघितलं.

"पाय छोटे झालेत," ते म्हणाले.

"तुम्ही बसलेले आहात काका."

"बसलेलो असलो तरी छोटे झालेत."

"बाई कशा आल्यात?"

"बाई," ते म्हणाले, "हं."

मी घरी येऊन चित्र पुन्हा पाहिलं. पाय खरंच छोटे झाले होते. मी ते दुरुस्त केले नाहीत.